‘सावधान’ हा शब्द कोण ऐकतो?

प्रबोधिनी एकादशी पार पडली, चातुर्मास संपला, की द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत महाराष्ट्रात आणि गोमंतकात घरोघरी तुळशीची लग्ने लागतात. सारवलेले अंगण, रंगविलेले वृंदावन, उसाचा मांडव, चिंचा-आवळ्यांची फांदी, तुळशीसमोर बाळकृष्ण आणि दोघांमध्ये धरलेला अंतरपाट. पुष्कळ घरी या लग्नाला पुरोहित बोलावीत नाहीत. घरातील वडीलधारी व्यक्तीच मंगलाष्टके म्हणते, मुले अक्षता टाकतात, आणि या सोहळ्यानंतर माणसांच्या लग्नसराईला प्रारंभ होतो.

या सराईच्या उंबरठ्यावर एका साध्या शब्दाचा विचार करावा असे वाटते. प्रत्येक मंगलाष्टकाच्या अखेरीस ‘सावधान’ असा इशारा दिला जातो. सावधान म्हणजे अवधानासह, लक्ष देऊन. समर्थ रामदासांची आख्यायिका आपणा सर्वांना ठाऊक आहे. बोहल्यावर उभ्या असलेल्या नारायणाने तो शब्द ऐकला, त्याचा अर्थ मनावर घेतला आणि तो मंडपातून निघून गेला. आख्यायिकेचे तात्पर्य वैराग्याचे म्हणून सांगतात, व ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक तात्पर्य दडलेले आहे. त्या मंडपात तो शब्द सर्वांच्याच कानांवर पडला होता. ऐकला मात्र एकाने!

आजच्या मंगल कार्यालयात काय दिसते? गुरुजी होमापाशी मंत्र म्हणत आहेत, वधूवरांची दृष्टी छायाचित्रकाराकडे आहे, यजमान पाहुण्यांच्या मानपानात गुंतले आहेत आणि पहिली पंगत केव्हा बसणार याची चौकशी चालू आहे. सप्तपदीचे एकेक पाऊल कशासाठी, हे विचारले तर ज्यांनी ती पावले टाकली त्यांनाही ते सांगता येत नाही. दोष केवळ गुरुजींचा आहे काय? मुळीच नाही. अर्थ समजावून सांगू पाहणाऱ्या गुरुजींना ‘जरा आटोपते घ्या’ असे सांगणारे आपणच असतो.

अशा वेळी दूरच्या एका देशाचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. ते उदाहरण श्रद्धावंतांचे नाही. ईश्वराचे नावही न घेता विवाह, नामकरण व अंत्यविधी करणाऱ्या लोकांचे आहे. धार्मिक सणाच्या पानावर अशांची चर्चा कशासाठी, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर पुढे येईलच.

स्कॉटलंडमधील संस्कारकर्ते

स्कॉटलंडमध्ये विवाहाचे दोन मार्ग पूर्वीपासून होते: एक चर्चचा आणि दुसरा सरकारी निबंधकाचा. जून २००५ पासून तेथे तिसरा मार्ग मोकळा झाला. मानवतावादी संस्थेने नेमलेल्या संस्कारकर्त्याने लावलेला विवाह कायद्याने ग्राह्य धरला जाऊ लागला, आणि २०१४ च्या विवाहविषयक कायद्याने ही व्यवस्था अधिक पक्की केली. या संस्कारकर्त्यास तेथे ‘सेलिब्रंट’ म्हणतात. आज स्कॉटलंडमध्ये अशा रीतीने होणारे विवाह तेथील मुख्य चर्चमध्ये होणाऱ्या विवाहांहून अधिक आहेत. मानवतावादी म्हणजे परलोक, पूर्वजन्म वा ईश्वर यांचा आधार न घेता, माणसाचे विवेकपूर्ण व दयाशील वर्तन हेच जीवनाचे अधिष्ठान मानणारा.

हा संस्कारकर्ता काय करतो? त्याच्यापाशी ठरलेली पोथी नसते. विवाहाच्या कित्येक आठवडे आधी तो, किंवा पुष्कळदा ती (कारण या कामात स्त्रियांची संख्या मोठी आहे), वधूवरांना भेटते. त्यांची ओळख कशी झाली, एकमेकांकडून त्यांची अपेक्षा काय, आईवडिलांविषयी त्यांच्या भावना कोणत्या, कोणाची उणीव त्या दिवशी जाणवणार आहे, हे सारे शांतपणे ऐकून घेते. मग त्या दोघांसाठी विधीची संहिता लिहिली जाते आणि त्यांना वाचावयास दिली जाते. आपण एकमेकांना कोणते वचन देणार, हे शब्द त्यांनी स्वतः निवडावयाचे असतात. न पटणारे वाक्य गाळले जाते. प्रत्यक्ष समारंभात वधूवरांचे हात फितीने बांधण्याची जुनी स्कॉटिश चाल कित्येक जण पाळतात. आपल्याकडील उपरण्या-शेल्याची गाठ आठवावी, अशीच ती रीत आहे. दोन कानांच्या पेल्यातून दोघांनी एकत्र घोट घेण्याची प्रथाही आहे. शेवटी वधूवर, दोन साक्षीदार आणि संस्कारकर्ता सरकारी पत्रकावर सह्या करतात व ते पत्रक तीन दिवसांच्या आत निबंधकाकडे परत जाते.

नामकरणाचा विधीही तसाच. बाळाला आशीर्वाद देण्याऐवजी आईबाप व निवडलेले आप्तेष्ट त्याच्या संगोपनाविषयी जाहीर वचन देतात. नॉर्वेमध्ये तर किशोरवयीन मुलांसाठीही असा संस्कार आहे. १९५१ साली ऑस्लो येथे त्याचा प्रारंभ झाला. चौदा-पंधरा वर्षांची मुले काही महिने नीती, मानवी हक्क, जबाबदारी अशा विषयांवरील वर्गांना बसतात आणि मग समारंभपूर्वक त्यांचा गौरव होतो. आपल्या मौंजीबंधनाचा मूळ हेतू हाच नव्हता काय? बटूने गुरुगृही जाऊन बारा वर्षे अध्ययन करावे, यासाठी तो संस्कार होता. आज मुंजीचा समारंभ राहिला. अध्ययन मात्र त्या दिवसाच्या भिक्षावळीबरोबरच आटोपते.

स्मशानातील ते मौन

या संस्कारकर्त्याची खरी कसोटी लागते ती अंत्यविधीच्या वेळी. विवाहाची तयारी महिनोन्महिने करता येते. मृत्यू तेवढी सवड देत नाही. संस्कारकर्ता शोकाकुल घरी जाऊन बसतो. गेलेल्या माणसाविषयी घरचे बोलतात, कधी रडतात, कधी एकमेकांचे म्हणणे खोडून काढतात. दोन भावांचे बोलणे वर्षानुवर्षे बंद असते. त्या दोघांचेही ऐकावयाचे असते. कधी गेलेला माणूस घरच्यांशी कठोर वागलेला असतो. अशा वेळी त्याची निंदा करावयाची नाही, आणि ज्यांनी सोसले त्यांच्यासमोर त्याची खोटी स्तुतीही करावयाची नाही. कधी गेलेले मूल अवघ्या काही दिवसांचे असते. त्या आईबापांसमोर उभे राहून कोणते शब्द उच्चारावेत? स्वर्ग, पुनर्जन्म, देवाची इच्छा यांपैकी कोणताही आधार या संस्कारकर्त्याने घ्यावयाचा नसतो. त्यामुळे त्याला फक्त खरे तेच बोलावे लागते: हे मूल या घरात आले होते, त्याला नाव होते, त्याच्यावर प्रेम केले गेले.

या विधीतील एक गोष्ट श्रद्धावंत घरांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. मृताविषयी बोलून झाल्यावर काही क्षण मौन पाळले जाते. त्या वेळी संस्कारकर्ता सांगतो, की ज्यांची ईश्वरावर श्रद्धा आहे त्यांनी या शांततेत आपापली प्रार्थना मनोमन करावी. विधी नास्तिकाचा, परंतु तेथे आलेल्या आस्तिकासाठी जागा राखून ठेवलेली! गेलेल्या माणसाची वृद्ध आई किंवा देवभोळी बहीण तेथे बसलेली असते, याचे भान त्या माणसाने सोडलेले नसते. ईश्वराचे नाव न घेणाऱ्याने दाखविलेली ही सहिष्णुता आम्ही ईश्वराचे नाव घेणाऱ्यांनी आपल्या घरातील न मानणाऱ्यांना कधी दाखविली आहे काय?

आपल्या भूमीतील वाटा

हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असे म्हणून बाजूस सारता येणार नाही, कारण अर्थ कळेल असा विधी करण्याची ओढ आपल्या मातीतही जुनी आहे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सावित्रीबाईंच्या पुढाकाराने राधा व सीताराम आल्हाट यांचा विवाह ब्राह्मण पुरोहितावाचून लागला. जोतीराव नास्तिक नव्हते. जगाचा एक निर्मिक आहे असे ते मानीत. त्यांचा आग्रह मध्यस्थ नसावा आणि शब्द समजावेत, हा होता. १८८७ साली त्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका प्रसिद्ध केली. तीतील मंगलाष्टके मराठीत आहेत आणि ती वधूवर स्वतः आळीपाळीने म्हणतात. वधू वराकडून स्त्रीच्या हक्कांविषयीचे वचन जाहीरपणे मागते. पुरोहिताच्या हक्काचा हा वाद त्या काळी जुन्नर-ओतूर भागातून न्यायालयापर्यंत गेला होता, एवढा तो जिव्हाळ्याचा होता.

तमिळनाडूत पेरियार रामस्वामी यांनी १९२८ पासून स्वाभिमान विवाहांची प्रथा पाडली. तेथे पुरोहित नाही, होम नाही. आप्तांच्या साक्षीने हार किंवा अंगठी घालणे वा ताली बांधणे एवढाच विधी. १९६७ साली त्या राज्याने हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून अशा विवाहांना मान्यता दिली. त्या दुरुस्तीत एक अट मोठी अर्थपूर्ण आहे. वधूवरांनी एकमेकांचा स्वीकार केल्याचे जाहीर करावयाचे ते दोघांना समजणाऱ्या भाषेत! कायद्याच्या रुक्ष भाषेत आलेले हे शब्द कोणत्याही धर्माच्या पुरोहिताने आपल्या घरी लिहून ठेवावेत अशा योग्यतेचे आहेत.

महाराष्ट्रात मानवतावादी संस्कारकर्त्यास स्कॉटलंडप्रमाणे विवाह नोंदविण्याचा अधिकार नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने तीस दिवसांची नोटीस देऊन, अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमोर विवाह करता येतो आणि त्याचे स्वरूप वधूवरांना हवे तसे ठेवता येते. परंतु पुष्कळांचा अनुभव सह्या आणि पेढे यांपुरताच असतो. दुसरीकडे श्रद्धेच्या चौकटीत राहूनही मोठे काम झाले आहे. पुण्यात शंकरराव थत्ते यांनी सत्तरच्या दशकात स्त्रियांना पौरोहित्य शिकविण्यास आरंभ केला. ज्ञान प्रबोधिनीने स्त्रीपुरुषांना जातीचा विचार न करता पौरोहित्याचे शिक्षण दिले आणि प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगण्याची पद्धत रूढ केली. पहिल्या काळात नाके मुरडणाऱ्या कित्येक घरांतून आज त्या पुरोहित स्त्रियांना आग्रहाने बोलावणे जाते.

शास्त्राचेही वाकडे नाही. आश्वलायन गृह्यसूत्र विवाहात देशाचार व ग्रामाचार पाहावयास सांगते. पारस्कर गृह्यसूत्र विवाह आणि स्मशान या दोन ठिकाणी गावाचे म्हणणे मानावे असे सांगते. आपस्तंब तर विवाहातील रीती स्त्रियांकडून जाणून घ्याव्यात असे म्हणतो. सूत्रकारांना ठाऊक होते, की पोथीतील विधी हा समोरच्या माणसांसाठी असतो.

श्रद्धेचे हित कशात?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रत्येक पाचपन्नास घरांत आज एखादा मुलगा वा मुलगी अशी असते, की जिची देवधर्मावर श्रद्धा उरलेली नाही. विवाहाचा विषय निघाला की त्या घरात खडाजंगी होते. ‘लोक काय म्हणतील’ हे एक शस्त्र आणि आईचे अश्रू हे दुसरे. अखेर मुलगा नमते घेतो, मुंडावळ्या बांधतो आणि अग्नीसमोर बसून, ज्यावर त्याचा विश्वास नाही ते शब्द गुरुजींच्या मागून म्हणतो. घरच्यांना वाटते, धर्म राखला.

खरोखर राखला काय? आमच्या परंपरेत अग्नी हा साक्षी आहे. साक्षीसमोर मनात नसलेले बोलणे यास आपण एरव्ही काय म्हणतो, हे सांगावयास नको. न मानणाऱ्याच्या तोंडून मंत्र वदवून घेण्याने त्याचे काही बिघडत नाही. तो घरी जाऊन ते विसरून जातो. बिघडते ते मंत्राचे. जे शब्द आम्ही पवित्र मानतो, ते लोकलाजेखातर उच्चारण्याची सूट आम्हीच त्याला देतो. तेव्हा जो मानीत नाही त्याला त्याच्या प्रामाणिक शब्दांत, आप्तांसमोर, गांभीर्याने वचन देऊ देणे, हे श्रद्धेच्याच हिताचे आहे. त्या समारंभाला आईवडिलांनी तोंड फिरवू नये; पुढच्या रांगेत बसावे आणि मनोमन आशीर्वाद द्यावा. त्या आशीर्वादाला कोणत्याही संस्कारकर्त्याची हरकत नसते, हे आपण पाहिलेच.

अंत्यविधीत तर हा प्रश्न अधिकच हळवा होतो. मानवतावादी संस्कारकर्ता घरी गेल्यावर विचारतो, की गेलेल्या माणसाच्या सर्वांत जवळचे कोण होते? ज्याने शुश्रूषा केली, ज्याच्या हातात हात असताना प्राण गेला, त्याला विधीत आधी स्थान मिळते. आमच्याकडे पतीची वर्षानुवर्षे सेवा केलेली पत्नी त्या वेळी मागे उभी असते, आणि कधीकाळी तोंड न दाखविलेला पुतण्या मडके घेऊन पुढे चालतो. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत असाच वाद उभा राहिला, तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवे स्वतःच्या हाती घेतले. त्यानंतर एवढा काळ लोटला, तरी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीला विधवेच्या बांगड्या फोडण्याची व कुंकू पुसण्याची प्रथा बंद करणारा ठराव करण्यासाठी मे २०२२ उजाडावे लागले. देव मानणाऱ्यांनी करुणेच्या बाबतीत देव न मानणाऱ्यांच्या मागे राहावे, हे आम्हांस शोभणारे नाही.

त्यांचीही एक उणीव

असे असले, तरी त्या नव्या विधीत सारेच सामावले आहे, असे मात्र म्हणवत नाही. तेथील दहनगृहात एका कुटुंबाला मिळणारा वेळ पाऊण तासाच्या आतबाहेर असतो. तेवढ्यात भाषण, संगीत, मौन सारे आटोपून मंडळी बाहेर पडतात, कारण दुसरे कुटुंब दाराशी आलेले असते. शोक मात्र पाऊण तासात आटोपत नाही. आपल्याकडील दहावा, बारावा, तेरावा, मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध यांमागची कल्पना काहीही असो. तेरा दिवस त्या घरात माणसांचा राबता राहतो, शेजारची पिठले-भाकरी येते, रात्री कोणी सोबतीला निजते. दुःख वाटून घेण्याची ही यंत्रणा कोणा एकाने लिहून काढलेली नाही. पिढ्यांनी ती घडविली आहे. तसेच, प्रत्येक दाम्पत्यासाठी नवी संहिता लिहिण्यात एक धोका असतो. आपल्या आजीने जे शब्द ऐकले तेच आपण ऐकतो आहोत, या जाणिवेतून येणारा आधार तेथे लाभत नाही. शब्द केवळ आपल्यापुरते राहिले, तर ते आपल्याबरोबरच संपतात.

म्हणून आमचे विधी टाकून त्यांचे उचला, असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. त्यांच्यापाशी अवधान आहे. आमच्यापाशी परंपरा आहे. परंपरेला अवधान आणता येते. अवधानाला परंपरा मिळण्यास मात्र काही शतके लागतात. तेव्हा या बाबतीत आमचे काम सोपे आहे, आणि ते आम्ही करीत नाही, याचीच खंत आहे.

करावयाचे ते फारसे अवघडही नाही. या लग्नसराईत ज्या घरी कार्य आहे, त्यांनी मुहूर्ताच्या आधी एक संध्याकाळ गुरुजींना वधूवरांसह घरी बोलवावे. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी यांचा अर्थ विचारावा. सातवे पाऊल सख्यासाठी आहे, पतिपत्नींनी एकमेकांचे मित्र व्हावे यासाठी आहे, हे त्या दोघांना त्या संध्याकाळी कळले, तरी पुष्कळ झाले. न पटणारे काही असेल तर ते निःसंकोच बोलावे. जाणते गुरुजी रागावणार नाहीत. कार्याच्या दिवशी ध्वनिक्षेपकावरील गाणी तेवढा वेळ बंद ठेवावीत, छायाचित्रकाराला चार पावले मागे उभे करावे आणि गुरुजींना घाई करू नये. त्यांची दक्षिणाही, कार्यालयाच्या सजावटीवर होणारा खर्च ध्यानात घेऊन, मोकळ्या हाताने द्यावी. घरात दुःखद प्रसंग आला, तर तेराव्या दिवशी जेवणापूर्वी सर्वांनी अर्धा तास एकत्र बसावे आणि गेलेल्या माणसाविषयी जे खरे आहे ते बोलावे. पहिले बोलणे तिचे असावे, जिने शेवटपर्यंत सेवा केली. आणि ज्या घरातील मूल वेगळ्या वाटेने जाऊ पाहते, त्या घराने त्याच्या प्रामाणिकपणाचा मान राखावा.

अंतरपाट दूर होतो त्या क्षणी वधूवर एकमेकांना पाहतात, आणि त्याच क्षणी सारा मंडप ‘सावधान’ ऐकतो. तो इशारा केवळ त्या दोघांना नाही. अक्षता हाती घेऊन उभ्या असलेल्या आपणा सर्वांना आहे.